मंदाबाईच्या चुलीची इर्जिक

माझ्या खोलीच्या दारावर ‘वैद्यकीय समाजसेविका’ अशी पाटी होती, आणि ती वाचून आत येणाऱ्या बहुतेकांना मी नक्की कोण हे कळत नसे. कुणी मला डॉक्टर समजून आल्याआल्या जीभ बाहेर काढी. कुणी बिलात सूट देणारी बाई समजून उंबऱ्यातच रडायला सुरुवात करी. एकदा एक आजोबा येऊन बसले आणि नातवासाठी चांगली मुलगी सुचवा म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि एक्स-रेच्या रांगेत नेऊन बसवलं, कारण त्यांच्या हातातली चिठ्ठी एक्स-रेची होती.

निवृत्त झाले तरी हा घोळ मिटलेला नाही. मी घोरावाडी स्टेशनाजवळ राहते. संध्याकाळी फिरायला निघालं की ओळखीच्या बायका विचारतात, “तू दवाखान्यात काय करायचीस गं नक्की? इंजेक्शन द्यायचीस का?” तेव्हा या दिवाळीत एकदाचं लिहूनच टाकते. मी नोकरीला कधी लागले, बढती का हुकली, ते सांगत बसणार नाही. त्यात मलाच रस नाही.

मावळातल्या एका धर्मादाय रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली. डॉक्टर आजार बघतात. तो आजार घेऊन जी बाई घरी जाते, तिथे तिला स्वयंपाक करायचा असतो, गाडीभाडं काढायचं असतं, सासूला उत्तर द्यायचं असतं, ती बाई माझ्याकडे. शेवटची काही वर्षं माझ्याकडे सगळ्यात जास्त आल्या त्या गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाया. आमच्याकडे त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. हा आजार वेळेत सापडला तर बरा होतो, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण बऱ्या झालेल्या बाया मी बाजारात भाजीचा भाव करताना बघते. पण तो होतो अशा जागी, की तिचं नाव नवऱ्यापुढेही घ्यायचं नाही अशी आपली शिकवण. बाई वर्ष-वर्ष अंगावरून जाणं सोसते आणि मग कुठे चिठ्ठी काढायला येते.

उपचार म्हणजे किरणांचे. बाया त्याला ‘शेक’ म्हणतात. आमच्याकडे ते मशीन नव्हतं, त्यामुळे पुण्याला पाठवावं लागे. सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे, मध्ये खाडा नाही. खाडा केला की आजाराला दम खायला फुरसत मिळते. मशीनचा खर्च सरकारी योजनेतून होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण योजनेला वाटतं की बाई मशीनजवळच राहते. ती रोज पुण्याला जाणार कशी, तिच्याबरोबर कोण जाणार, ती गेल्यावर गुरांना पाणी कोण दाखवणार, मजुरी बुडाली तर मीठ-मिरची कुठून यायची, हे योजनेत कुठेच बसत नाही. जे कुठेच बसत नाही ते सगळं माझ्या टेबलावर यायचं.

देणगीदारही माझ्याच वाट्याला. लोणावळ्यात बंगला असलेले एक शेट दरवर्षी संत्री घेऊन येत, सोबत फोटो काढणारा. एका वर्षी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हटलं, “शेट, या बायांना संत्री नकोत. यांना जाडे पॅड हवेत आणि सुती परकर हवेत. अंगावरून सारखं जातं, वास येतो, म्हणून त्या गाडीत बसायला लाजतात आणि उपचार सोडून देतात.” शेटच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. संत्री ठेवून ते निघून गेले. मला वाटलं, संपलं, गेला हातचा देणगीदार. पुढच्या आठवड्यात त्यांची बायको खोकीच्या खोकी घेऊन हजर, आणि बरोबर फोटो काढणारा नव्हता. त्यानंतर त्या दर महिन्याला येत राहिल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायला लागलो.

त्याच वहिनींनी कुरवंड्याच्या एका बाईला वाचवलं, त्यांच्या नकळत. त्या बाईच्या लेकीचं लग्न ठरलेलं. कॅन्सरचं कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून तिने सासरी सांगितलं, मला लोणावळ्याला बंगल्यावर काम मिळालंय. रोज डबा घेऊन निघायची आणि पुण्याला शेक घेऊन यायची. महिना भरला आणि सासूने पगार मागितला! ती माझ्यापुढे येऊन मटकन बसली. खोट्या नोकरीचा खरा पगार मी आणायचा कुठून? शेवटी वहिनींना विचारलं, आणि त्यांनी तिला खरोखरच कामावर ठेवलं, झाडांना पाणी घालायला, जमेल तेव्हा. लेकीच्या हळदीत ती बाई अशी नाचली की व्याह्यांनी शिट्ट्या मारल्या.

पण मला खरं सांगायचंय ते मंदाबाईंचं.

मंदाबाई लोहगडवाडीच्या. गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे त्यांची टपरी. पिठलं-भाकरी, कांदाभजी, चहा, पावसाळ्यात भाजलेलं कणीस. पन्नाशी उलटलेली असेल. अंगाने काटक आणि बोलायला फटकळ, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून, तुकडा काढून, अहवाल बघून सांगितलं होतं की आजार बाहेर पसरलेला नाही, पूर्ण उपचार घेतले तर बाई ठणठणीत होईल. अशी बातमी रोज मिळत नाही. मी खुशीत पुण्याची वेळही ठरवून टाकली. मंदाबाईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

“आता न्हाई जमायचं मॅडम. पावसाळा झाला की येते.”

“पावसाळा झाला की? तो आजार काय कॅलेंडर बघून थांबणार आहे?”

“त्यो थांबंल न थांबंल, जागा थांबायची न्हाई.”

मी चिडले, हे कबूल. आवाज बाहेरपर्यंत गेला. मग त्यांनी मला त्यांचा धंदा समजावून सांगितला. गडाच्या पायथ्याच्या त्या जागा कुणाच्या नावावर नाहीत. जिची चूल पावसाळाभर पेटती राहते तिची जागा, एवढाच तिथला नियम आणि तो सगळ्या पाळतात. गडावर माणूस येतो तो पावसाळ्यातच. एक पावसाळा चूल विझली की दिवाळीला तिथे दुसरीची ताडपत्री लागते आणि भांडायला तोंड राहत नाही. पगारी बाई बसवली तरी चालत नाही, कारण मग बाकीच्या म्हणणार, जागा विकली. नवरा बबनराव लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणदार. त्याच्या हातची भाकरी कुत्रंही हुंगणार नाही, हे मंदाबाईंचेच शब्द. दोन्ही मुलींची शिक्षणं त्या चुलीवर झाली होती. जीव वाचवून परत यायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो वेडगळ नव्हता.

मी दुसऱ्याच दिवशी लोहगडवाडीला गेले. घरी जाऊन बघितल्याशिवाय मला कुणाचंच काही खरं वाटत नाही, ही माझी खोड. ओट्यावर मंदाबाईंची थोरली जाऊ चंद्राबाई बसलेल्या. त्यांचं घर भिंतीला भिंत लागून आणि टपरीही शेजारीच. त्या थोड्या अंतर राखूनच बसल्या होत्या. चहा आला. मला बशीसकट कप. मंदाबाईंनी स्वतःचा चहा घेतला तो कान तुटलेल्या एका कपात, आणि तो कप घरातून नव्हे, ओट्याखालच्या कोनाड्यातून काढला. पाण्याच्या हंड्यालाही त्या हात लावत नव्हत्या. मुलगी ओतून देत होती.

आमचं घर बौद्ध. वेगळा ठेवलेला कप म्हणजे काय, ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझ्या आजीने तसला कप स्वतःच्या हाताने उचलला होता आणि स्वतःच विसळून ठेवला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माझा कप मंदाबाईंच्या हातात दिला, त्यांचा उचलला आणि पिऊन टाकला. मग सांगितलं, “हा आजार खाण्यापिण्याने, शिवल्याने कुणाला होत नाही. एका ताटात जेवलात तरी होणार नाही.”

चंद्राबाईंनी मान फिरवली. बाकी काही झालं नाही. सिनेमात होतं तसं कुणाचं मन झटक्यात पालटलं नाही. वाडीत सगळ्यांचं मत एकच होतं, की चंद्राबाईंचा डोळा शेजारच्या जागेवर आहे, आणि मलाही ते पटलं.

वाट काढली ती हिरामावशींनी. त्या वाडीतल्या सगळ्यात जुन्या टपरीवाल्या, तोंडात दात नाहीत पण शब्दाला धार. माझं आणि मंदाबाईंचं हुज्जत घालणं त्या बराच वेळ ओट्याच्या टोकाला बसून ऐकत होत्या.

“भात लावायचं आसलं तर इर्जिक करतो का न्हाई आपुन?” त्या म्हणाल्या. “मंग चुलीची केली तर काय बिगडतंय?”

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मावळात भातलावणीला एका घराची माणसं पुरत नाहीत. मग गावातल्या बाया मिळून आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. त्याला इर्जिक म्हणतात. मजुरी द्यायची नसते. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. जिचं काम, तिने सगळ्यांना स्वतः रांधून जेवू घालायचं. आणि ज्यांनी आपल्यासाठी दिवस दिला, त्यांचा दिवस पुढे फेडायचा.

“चूल मंदीचीच, पिठाचा डबा मंदीचा, पैकं मंदीचं. आमी निस्त्या हात लावनार,” हिरामावशी म्हणाल्या. “जागा हालत न्हाई. कोन काय म्हनतंय बगू.”

“आन लावणी?” मंदाबाईंनी विचारलं. “ऐन लावणीत तुमी माजी चूल बगनार?”

“लावणीबी व्हईल आन चूलबी व्हईल. तू जा. मरू नगं.”

मंदाबाई दुसऱ्या सोमवारपासून पुण्याला जायला लागल्या. घरून मळवली स्टेशन, तिथून लोकल, पुढे रिक्षा. गाडीभाड्याची सोय मी लोणावळ्याच्या वहिनींकडून केली. बरोबर कधी मुलगी, कधी रात्रपाळी करून आलेले, पेंगणारे बबनराव. मुख्य अडचण निघाली परतीची. दुपारी लोकलला मोठा खंड असतो. अंगात अशक्तपणा, पोट बिघडलेलं, आणि बाई तासन् तास स्टेशनच्या बाकावर. तिथे धड संडास नाही. मी पुण्याच्या समाजसेविकेला रोज फोन करून तिचं डोकं उठवलं आणि मंदाबाईंची वेळ सकाळची करून घेतली. माझ्या नोकरीतली बरीचशी कर्तबगारी म्हणजे अशाच वेळा बदलून घेणं. यासाठी कुणी शाल-श्रीफळ देत नाही, पण ती बाई दुपारी घरच्या अंथरुणावर पडली की मला मिळायचं ते मिळे.

इकडे चूल पेटत होती. टपरीवर मोबाइलने पैसे घ्यायचा तो चौकोनी क्यूआर छापा मंदाबाईंच्या खात्याचा. त्यामुळे तिकडे वाडीत कुणी भजी घेतली की त्यांच्या मोबाइलवर टुंग वाजे. मी एकदा त्यांच्याबरोबर पुण्याला गेले होते. शेकाच्या दाराबाहेर सगळ्या बाया माना खाली घालून बसलेल्या, आणि हिच्या पिशवीत टुंग, टुंग.

“पाऊस उगडला वाटतं वाडीत,” मंदाबाई म्हणाल्या. “भजी चालल्यात.” शेजारच्या बाईला हसू आलं. मग तिलाही सांगावं लागलं. आत बोलावणं येईपर्यंत तिथल्या बाया प्रत्येक टुंगला ‘भजी’, ‘कनीस’, ‘च्या’ असं ओळखायला लागल्या. त्या बाकड्यांवर मी आयुष्यात इतकं हसणं ऐकलं नव्हतं.

चंद्राबाई मात्र इर्जिकीत नव्हत्या. पण एका रविवारी गडावर जत्रा लोटावी तशी गर्दी झाली. जिची पाळी होती ती तापाने फणफणलेली. माणसं विझल्या चुलीपुढून पुढे जायला लागली. चंद्राबाईंनी थोडा वेळ बघितलं, मग स्वतःच्या टपरीवर मुलाला बसवलं, मधली ताडपत्री वर टाकली आणि मंदाबाईंची चूल पेटवली. दिवसभर दोन्हीकडे त्यांचीच धावपळ. हे मला हिरामावशींनी सांगितलं. चंद्राबाईंना कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. पुढचे सगळे रविवार त्यांनीच घेतले. जागेवर डोळा असलेली बाई असं करते का? मी माझं मत गुपचूप मागे घेतलं. पण मग ती मान का फिरवते, हे काही मला सुटेना.

बाहेरचा शेक संपला. रक्त थांबलं, जेवण जायला लागलं. आता राहिला होता आतून, नळी घालून द्यायचा शेक. मोजक्याच वेळा द्यायचा असतो, पण तो राहिला तर आधीचं सगळं पाण्यात. नेमक्या इथेच बाया गळतात. बरं वाटायला लागलेलं असतं आणि आतल्या शेकाची धास्ती असते. मंदाबाईंना धास्तीही नव्हती आणि गैरसमजही नव्हता. त्यांनी मला वेगळंच सांगितलं.

“आदी इर्जिकीचं जेवान घालायचं. मंग आतलं बगू.”

“घाला की. अडवलंय कुणी?”

“जेवनार कोन?” त्या एकदम म्हणाल्या. “चूल पेटवत्यात, माजी जागा राखत्यात, समदं खरं. पर माज्या हातचं तोंडात घालायची येळ आली का एकेकीला काम निगंल. बगाच तुमी. आन त्या जेवल्या न्हाईत तर ती इर्जिक न्हाई मॅडम, ती भीक झाली. ज्या बाईच्या हातचं वाडी खात न्हाई तिच्या हातचं गडावर यनारं कोन खानार? मंग त्या आतल्या शेकानं जगून मी काय भिंती बगत बसू?”

मी पुष्कळ बोलले. गोडीत बोलले, रागावून बोलले. शेवटी हात टेकले. बाईचं औषध माझ्याकडेही नव्हतं आणि पुण्यालाही नव्हतं. ते वाडीतल्या बायांच्या तोंडाशी होतं, त्यांनी घास घातला तर. पुण्याची तारीख ठरलेली होती. जेवण तिच्या आदल्या दिवशी ठरलं आणि मी रजा टाकून लोहगडवाडीला गेले.

मळवलीहून जीपने चिखल तुडवत पोहोचले तर घरापुढे एक टेम्पो उभा. बबनराव त्यातून डबे उतरवत होते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलबी, कागदी ताटं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा बंद झाकणाच्या. घाम पुसत मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, म्हनलं उगं कुनाला आवगड नगं. तिच्या हातचं कुनी खाल्लं न्हाई तर ती मोडंल. हे हाटेलचं हाय म्हनल्यावर समद्या जेवत्याल.”

मला त्यांना दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. माणूस बायकोवर जीव टाकत होता. पगारातून उसनवारी करून त्याने तिची लाज झाकायला एवढं सामान आणलं होतं, आणि त्यापायी सगळं मातीत घालायला निघाला होता. मंदाबाई आत भिंतीला टेकून बसलेल्या. परात कोरडी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाया आल्या. लावणीच्या चिखलाचे पाय धुऊन, बरी लुगडी, साड्या नेसून ओळीने ओट्यावर बसल्या. हिरामावशी, तरण्या सुना, आणि शेवटी चंद्राबाई. बबनरावांनी कागदी ताटं मांडली, पुऱ्या वाढल्या, जिलब्या वाढल्या. “घ्या, घ्या, सावकाश व्हऊ द्या.” कुणी हात लावीना. पुऱ्या गार होत होत्या. मला वाटलं, मंदाबाई म्हणाल्या तेच खरं. आता एकेकीला काम निघणार.

चंद्राबाईंनी पुरी बोटाने उचलून बघितली. “हे कुनी रांधलं?”

“हाटेलचं हाय, वैनी. मळवलीचं. चांगलं हाय.”

“हाटेलचं?” चंद्राबाईंनी पुरी ताटात टाकली. “मंग आमी इतकं दिस हाटेलवाल्याच्या चुलीवर बसलो व्हतो व्हय?”

ओट्यावर खसखस पिकली. बबनराव हातात जिलबीचा डबा घेऊन तसेच उभे.

“मंदे!” चंद्राबाईंनी आत हाक मारली. “इर्जिक तुजी, आन जेवान कुनाचं घालतीस गं? पीठ संपलंय का तुज्या घरात?”

मग हिरामावशी भिंतीला धरून उठल्या. “आवं बया, त्या पुऱ्या चावायला मला दात हायेत का? मऊ भाकर टाक दुदात कुस्करायला. आमी हितंच बसतो. रात झाली तरी बसतो.”

मंदाबाई उठल्या. त्यांना उभं राहायलाही भिंत लागत होती, ते मला दिसत होतं. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला मागे सारलं. परातीत पीठ घेतलं, आधण ओतलं. पहिल्या भाकरीची कड फाटली. दुसरी गोल उतरली. चुलीवर पिठलं रटरटलं, वर मिरचीचा ठेचा. इतक्या जणींना पुरतील एवढ्या भाकरी थापायचं बळ त्यांच्यात नव्हतं, त्यामुळे प्रत्येकीला चतकोरच मिळाली. मंदाबाईंनी स्वतःच्या हाताने ती ओळीने वाढली. वाढताना त्या कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, फक्त ताटाकडे.

पहिला घास चंद्राबाईंनी घेतला. फाटक्या कडेची ती भाकरी त्यांच्याच वाट्याला आली होती. त्यांनी पिठलं लावून तोंडात घातली आणि चावता चावता म्हणाल्या, “मीठ कमी पडलंय. सवय मोडली तुजी.”

मग सगळ्या जेवल्या. दुसऱ्यांदा पिठलं मागून जेवल्या. मंदाबाई चुलीपुढे बसून हमसून हमसून रडल्या, आणि मी रडत नव्हते असं म्हणाले तर बबनराव मला खोटं पाडतील. पुऱ्या आणि जिलब्या नंतर पोरांनी फस्त केल्या.

हात धुऊन झाले तरी बाया उठल्या नाहीत. पदराआडून चंद्राबाईंनी विचारलं, “तुला पयल्यांदा काय व्हायचं गं?”

मंदाबाईंनी सांगितलं. सगळ्यांपुढे, आवाज न उतरवता सांगितलं. पाळी बंद होऊन वर्षं झाली होती आणि पुन्हा लाल जायला लागलं. त्याआधीपासून पांढरं जायचं, वास यायचा. नवरा जवळ आला की रक्त दिसायचं. उष्णता म्हणून सब्जा पीत राहिल्या. बबनराव टेम्पोवाल्याशी बोलायला निघून गेले, शहाणा माणूस. ओट्यावर एकही बाई हसली नाही. मी इतकी वर्षं भिंतीवर जी चित्रं लावत होते, पत्रकं वाटत होते, त्यातलं सगळं मंदाबाईंनी खरकटी ताटं उचलायच्या आत सांगून टाकलं, आणि माझ्या पत्रकांपेक्षा ते कितीतरी चांगलं ऐकलं गेलं.

“आता ऱ्हायली फेड,” हिरामावशी म्हणाल्या. “त्येचं काय करतीस?”

“खाचरात मला वाकवायचं न्हाई यंदा,” मंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पर दिस तर द्यायचाच हाय. एकेकीला एकेक दिस देते. मॅडमच्या दवाखान्यात तपासायला न्हेते. संगं येते, हात धरून बसते, घरी आनून सोडते. मला कळलंय तितं एकटीनं बसनं काय आसतंय ते.”

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या आणि पुढच्या काही खेपांत आतला शेक पुरा केला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आजार दिसत नाही असं सांगितलं. वर्षानुवर्षं तपासायला यायचंच आहे, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीत भजी आणली आणि आख्ख्या मजल्याला वाटली.

भातं घरात आल्यावर मंदाबाई फेडायला लागल्या. पहिल्या आल्या हिरामावशी. तपासणीच्या टेबलावर चढताना त्यांनी सिस्टरला इतक्या शिव्या दिल्या की बाहेरची रांग करमणूक म्हणून थांबली. मग एकेक सून, एकेक सासू. ही तपासणी साधी असते, दुखत नाही, हे मी सांगत आलेच होते. पण मंदाबाई बाहेर बाकावर बसलेली दिसली की बाया आत जात. नोकरीभर मी अर्ज करकरून बायांसाठी सोबत मागत होते. ती मला गडाच्या पायथ्यावरून मिळाली. कितीतरी बाया माझ्या हातून निसटल्या, कुणीच संगं आलं नाही म्हणून, त्यांची आठवण तेव्हा फार यायची.

चंद्राबाईंची पाळी सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी काहीतरी निघे, झोडणी, कोंबड्या, भावाकडचं लग्न. शेवटी मंदाबाई त्यांना धरूनच घेऊन आल्या. आत जायच्या आधी त्या माझ्या खोलीत बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, “मॅडम, हिला जे व्हायचं ते मला ही आजारी पडली तवापासनं व्हतंय. हिच्याकडं बगितलं का माजंच मरान दिसायचं. म्हनून मी लांब बसायचे. हिचा इटाळ नव्हता, मला भ्या व्हतं.”

मंदाबाईंनी जावेचा हात आपल्या मांडीवर घेतला.

डॉक्टरीणबाईंना डाग दिसला. तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता. पुढे झाला असता, पण अजून झालेला नव्हता. छोट्या उपचारात काम झालं, ना पुणे, ना शेक, ना योजना. उपचार आटोपून चंद्राबाई चालत बाहेर आल्या. बाकावर मंदाबाई. नवीन लागलेल्या सिस्टरने मला विचारलं, “मॅडम, या बाई सारख्या कुणाला ना कुणाला घेऊन येतात. कुठल्या संस्थेच्या आहेत?”

“संस्था न्हाई काय,” चंद्राबाईंनीच उत्तर दिलं. “माजी जाऊ हाय ती.”

मंदाबाई पिशवी उचलून उठल्या. “चला. फिटली बाई माजी समद्यांची इर्जिक.”

“फिटली कशी?” चंद्राबाई म्हणाल्या. “तुजी फुडची तपासनी कदी हाय? तवा मी येनार संगं. म्हंजी तुज्यावर माजा परत एक दिस चढला.”

“न्हाई चढत.”

“चढतो. हिरामावशीला इचार.”

दिवस कुणाचा कुणावर, यावरून भांडत दोघी जिना उतरल्या. खाली फाटकापर्यंत त्यांचं भांडण मला ऐकू येत होतं, आणि मी खिडकी लावली नाही.